दरड दिसली, पण ती केव्हाची? समुद्रतळाचे धोके कसे जोखतात

खोल समुद्रातल्या वायुक्षेत्राच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका स्थापत्य अभियंत्याचा प्रश्न आहे. तेल-वायू शोधताना घेतलेलं ३-डी सिस्मिक, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींतून काढलेलं तळाखालचं चित्र, हाताशी असताना समुद्रतळाच्या सर्वेक्षणावर पुन्हा वेगळा खर्च कशाला? आणि अहवालात एखाद्या जागेवर 'धोका कमी', 'मध्यम', 'जास्त' असे शिक्के मारतात ते कशाच्या जोरावर?

शिक्क्यांपासून सुरुवात करतो. सिस्मिकचं उत्तर वाटेत आपोआप येईल.

अशा अहवालात सर्वांत देखणं पान असतं रंगीत नकाशाचं. जुन्या दरडी लाल, भ्रंश काळे, वायू झिरपून पडलेले खळगे म्हणजे पॉकमार्क निळे. बैठकीत हेच पान पडद्यावर येतं, आणि त्यात लाल किती यावर माणसं घाबरतात किंवा सुटकेचा श्वास सोडतात. पण तो नकाशा म्हणजे नुसती यादी असते. जमिनीवर ऊन, पाऊस, झाडी आणि माणसं मिळून जुनी दरड काही शतकांत ओळखू न येण्याइतकी पुसून टाकतात. हजार मीटर पाण्याखाली यातलं काही नसतं. तिथे वीस हजार वर्षांपूर्वी तुटलेला कडा परवा तुटल्यासारखा उभा दिसतो. त्यामुळे लाल रंग पाहून विचारायचं ते एवढंच: हे कशामुळे घडलं, केव्हा घडलं, ते कारण आजही जागं आहे का, आणि असलंच तर त्याचा मार माझ्या विहिरीपर्यंत किंवा पाइपलाइनपर्यंत पोचेल का. शिक्का या चार उत्तरांवर मारायचा असतो. तीस वर्षं मी हेच काम करतो आहे. मला दिसलेल्या वाईट अहवालांपैकी बहुतेकांत पहिलं पान उत्तम होतं, वयाचा मात्र पत्ता नव्हता.

या पद्धतीचं सर्वांत मोठं उदाहरण नॉर्वेचं आहे. १९९७ साली नॉर्वेजवळच्या समुद्रात ऑर्मेन लांगे हे प्रचंड वायुक्षेत्र सापडलं, आणि ते नेमकं स्टोरेगा दरडीच्या खोबणीत होतं. साधारण ८,१५० वर्षांपूर्वी तिथे खंडान्त उताराचा एवढा भाग घसरला की मागे राहिलेला कडा सुमारे ३०० किलोमीटर लांब आहे आणि गाळ जवळपास ८०० किलोमीटर वाहत गेला. त्या त्सुनामीचं पाणी शेटलंड बेटांवर वीस मीटरांहून उंच चढल्याच्या खुणा आहेत. विहिरी खोदायच्या होत्या ८०० ते १,१०० मीटर पाण्यात, मागच्या कड्याच्या पायथ्याशी, आणि तो कडा काही ठिकाणी वीस-पंचवीस अंशांनी उभा. नकाशावर यापेक्षा लाल जागा शोधून सापडणार नाही.

तरीही २००७ साली तिथून वायू निघाला, आणि तो जुगार नव्हता. काही वर्षं खपून लोकांनी आधी त्या दरडीची कुळकथा लावली. हिमयुगात बर्फाच्या प्रवाहांनी खंडाच्या कडेवर भराभर गाळ आणून ओतला. त्याखाली होती मऊ, बारीक सागरी चिकणमाती. एवढं वजन एकदम आल्यावर चिकणमातीतल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही. छिद्रांतला दाब वाढत गेला आणि बाजूने सरकत उताराच्या पायथ्यापर्यंत पोचला. बर्फ वितळल्यावर जमीन वर उचलली जाऊ लागली, त्यातून मोठा भूकंप झाला असावा. पायथा आधी सुटला आणि दरड मागे मागे खात गेली. म्हणजे ती पुन्हा व्हायला काय काय लागेल? आधी एक हिमयुग, मग नवा गाळ, मग पुन्हा बर्फ वितळणं. घसरायचं ते घसरून गेलेलं होतं, आणि उरलेल्या मातीतला दाब मोजून स्थैर्याची गणितं केलेली होती. म्हणून सगळ्यात लाल जागेवर 'काम करता येईल' असं लिहिता आलं. कारण कळलं नसतं, तर तोच नकाशा हातात घेऊन उलटं उत्तर देणंच भाग होतं.

आता याच्या उलट बाजू पाहा. मिसिसिपीच्या मुखाजवळ तळाचा उतार जेमतेम अर्धा ते दीड अंश आहे. चालत गेलात तर उतार आहे हे पायाला कळणार नाही. १९६९ च्या कॅमिल चक्रीवादळात तिथला, सुमारे शंभर मीटर पाण्यातला एक नवाकोरा प्लॅटफॉर्म आडवा झाला. आधी वाटलं लाटांनी पाडला. नंतर कळलं की त्याच्या पायाखालचा चिखलच सरकला होता. पस्तीस वर्षांनी, २००४ च्या आयव्हन वादळात, त्याच मुखाजवळ दुसरा प्लॅटफॉर्म चिखलासकट शंभर मीटरांहून जास्त वाहून गेला. त्याच्या दोन डझनांहून अधिक विहिरींची तोंडं गाळाखाली पुरली गेली आणि तिथून तेल वर्षानुवर्षं झिरपत राहिलं. इथे कारण रोज जागं असतं. नदी गाळ ओततेच आहे, तो अजून घट्ट झालेला नाही, त्यात सडणाऱ्या पदार्थांचा वायू आहे, आणि वादळाच्या लाटा तळावर आळीपाळीने दाब देऊन त्याला मळतात. ना उंच कडा, ना भव्य खोबण. तरी शिक्का 'जास्त'चाच.

या दोन जागा एकाच मोजपट्टीने, म्हणजे उताराच्या अंशांनी, मोजल्या तर दोन्ही उत्तरं चुकतात. हे का होतं ते छोट्या आकडेमोडीतून दाखवतो, कारण अभियंत्याला ते लगेच पटेल.

साध्या, नैसर्गिकरीत्या घट्ट होत गेलेल्या सागरी चिकणमातीची कातर ताकद, म्हणजे घसरण्याला होणारा विरोध, तिच्यावरच्या परिणामी भाराच्या (पाण्याने पेललेला भाग वगळून कणांवर येणाऱ्या भाराच्या) साधारण पाव पट असते. लांबच लांब, सारख्या उताराचं सूत्र लावलं, तर सुरक्षा गुणांक (ताकद भागिले घसरवणारा जोर; एकच्या खाली गेला की उतार सरकू लागतो) येतो ०.२५ भागिले उताराच्या साइन-कोसाइनचा गुणाकार. दोन अंशांच्या उताराला हा गुणांक सातच्या वर जातो, पाच अंशांना जवळपास तीन. म्हणजे हिशेबाने असे उतार कधीच घसरू नयेत. प्रत्यक्षात जगातल्या मोठमोठ्या दरडी एक-दोन अंशांवरच झालेल्या आहेत. हिशेबात नसलेलं काहीतरी तिथे असतं आणि आमचं निम्मं आयुष्य ते शोधण्यात जातं.

पहिला संशयित छिद्रांतला जादा दाब. दोन अंशांवर गुणांक सातवरून एकवर आणायचा, तर वरच्या मातीच्या बुडत्या वजनाचा, म्हणजे पाण्याची उचल वजा करून उरलेल्या वजनाचा, सुमारे ८६ टक्के भाग मातीच्या कणांऐवजी पाण्याने पेललेला हवा. आकडा अचाट वाटतो, पण झपाट्याने गाळ साचणाऱ्या मुखाजवळ त्याच्या आसपासचे दाब भेटतात. दुसरा संशयित भूकंप. त्याच दोन अंशांच्या उताराला गुरुत्वत्वरणाच्या एक दशांशाइतका आडवा हिसका द्या. मातीचं एकूण वजन घनमीटरला १६ आणि बुडतं वजन ६ किलोन्यूटन धरलं, तर गुणांक सातवरून ०.८ च्या घरात येतो. पाण्याखाली आडवा जोर मातीतल्या पाण्यासकट सगळ्या वस्तुमानावर लागतो, पण ताकद मात्र बुडत्या वजनातूनच येते. जमिनीवरचे उतार हाताळून आलेली माणसं इथे हमखास फसतात.

हा ०.८ पाहून घाबरूनही जायचं नाही. भूकंपाचा हिसका सेकंदाच्या अंशापुरता असतो. त्या क्षणी गुणांक एकच्या खाली गेला म्हणजे उतार काही सेंटीमीटर सरकेल, तुटेलच असं नाही. म्हणून पुढची पायरी असते विस्थापन काढण्याची, आणि चिकणमाती हलवल्यावर तिची किती ताकद उरते हे पाहण्याची. हलवल्यावर विरघळल्यासारखी होणारी माती असेल तर दहा सेंटीमीटरही महागात पडतात.

आता वयाबद्दल. या कामाचा हा भाग मला सर्वांत आवडतो, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे.

समुद्रात वरून सतत बारीक गाळ पडत असतो, मुकाट्याने, धूळ बसावी तसा. खुल्या उतारावर त्याची गती हजार वर्षांत पाच-दहा सेंटीमीटर असू शकते. दरड घसरल्यानंतर तिच्यावर ही चादर साचायला लागते. चादर दीड मीटर जाडीची आणि गती हजार वर्षांत दहा सेंटीमीटर असेल, तर दरड पंधरा हजार वर्षांपूर्वीची. भ्रंशाचंही तसंच. भ्रंशाने चादर तोडली आहे की चादर त्याच्यावरून अखंड गेली आहे, हे एकदा दिसलं की अर्धा वाद मिटतो.

ही दीड मीटरची चादर तुमच्या ३-डी सिस्मिकमध्ये दिसेल का? तळाजवळ ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३० मीटर होते, आणि तिच्या पाव भागापर्यंतच, म्हणजे सात-साडेसात मीटरपर्यंत, थर वेगळे ओळखता येतात. म्हणून ३-डी तुम्हाला खोबण दाखवेल, कडा दाखवेल, खालच्या भ्रंशांचं जाळं अप्रतिम दाखवेल, पण खोबणीचं वय सांगणार नाही. सब-बॉटम प्रोफाइलर, म्हणजे तळाखालचे वरचे थर ध्वनीने टिपणारं यंत्र, काही किलोहर्ट्झवर चालतो. मऊ मातीत तो कितीतरी मीटर आत जातो आणि दहा-वीस सेंटीमीटरचे थर वेगळे करतो. वाळूत मात्र तो काही मीटरांतच दम टाकतो. या दोघांच्या मधली पोकळी भरायला उच्च वारंवारतेचं २-डी सिस्मिक असतं.

मल्टीबीम, म्हणजे ध्वनिकिरणांनी तळाचा चढउतार मोजणारं यंत्र, त्याचंही गणित असंच. एक अंशाचा किरण जहाजावरून दीड हजार मीटर खाली जाईपर्यंत तळावर २६ मीटरांचा ठिपका होतो. तेच यंत्र एयूव्हीवर, म्हणजे स्वतः पोहणाऱ्या वाहनावर, बसवून तळापासून ४० मीटरांवरून नेलं, तर ठिपका मीटरहून लहान होतो. खोल पाण्यातल्या सर्वेक्षणाचं बिल मोठं येतं ते यासाठी. ३-डी निरुपयोगी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मी स्वतः दर वेळी सुरुवात त्यापासूनच करतो, कारण सर्वेक्षणाच्या रेषा कुठे घालायच्या आणि कोअर, म्हणजे नळीने काढलेले मातीचे नमुने, कुठे घ्यायचे हे तेच सांगतं.

चादरीची जाडी कळली तरी वय हातात यायला माती लागते. कोअर काढायचा, दरडीच्या लगेच वरच्या थरातले सूक्ष्मजीवांचे कवच वेचायचे आणि कार्बन-१४ ने त्यांचं वय काढायचं. नमुना दरडीच्या आतल्या घुसळलेल्या मातीतून घेतला तर वय आलटून-पालटून काहीही येतं. ही चूक अनुभवी हातांकडूनही होते. कार्बनची पोचही सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंतच. त्यापलीकडे दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात.

एक किस्सा सांगतो, स्वतःच्याच फजितीचा. एका जागी पिस्टन कोअरमध्ये (तळात जोराने घुसवलेल्या लांब नळीतल्या नमुन्यात) दरडीवर बोटभर चादर निघाली. आम्ही लिहिलं: अगदी ताजी दरड, पाइपलाइनचा मार्ग बदला. नंतर कुणाला तरी शेजारी घेतलेल्या बॉक्स कोअरची, म्हणजे तळाचा वरचा थर जसाच्या तसा उचलणाऱ्या पेटीतल्या नमुन्याची, आठवण झाली. त्यात अर्धा मीटर शाबूत, मऊ, पाण्यासारखी चादर होती. पिस्टन कोअर तळात घुसताना वरची ती साय बाजूला सारूनच आत गेला होता. तिथली गाळाची गती होती हजार वर्षांत पाच सेंटीमीटर. आमची चूक दहा हजार वर्षांची! तेव्हापासून जोडीला बॉक्स कोअर नसलेल्या वयावर मी सही करत नाही.

वयाची दुसरीही एक खोच आहे. समजा तुम्ही सिद्ध केलंत की दहा हजार वर्षांत इथे एकही दरड झालेली नाही. छान. पण संख्याशास्त्राचा एक जुना नियम सांगतो की 'एन' वर्षांत काहीच घडलं नसेल, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की वार्षिक शक्यता ३ भागिले 'एन'पेक्षा कमी आहे. म्हणजे दहा हजारांत तीन. मोठ्या अपघाताचे निकष मात्र साधारण दहा हजारांत एक या पातळीचे असतात. तीस वर्षं चालणाऱ्या क्षेत्राला या निकषाने ०.३ टक्के शक्यता होते. म्हणजे नुसता स्वच्छ इतिहास पुरत नाही. तो इतिहास स्वच्छ का आहे हे सांगणारं कारण लागतं, आणि ते आजही टिकून आहे याचा पुरावाही लागतो. पायझोमीटर बसवून छिद्रदाब प्रत्यक्ष मोजणं, सीपीटीने, म्हणजे मातीत टोकदार दांडा दाबत नेऊन, ताकद खोलीनुसार काढणं, प्रयोगशाळेत मातीला भूकंपासारखे आळीपाळीचे हिसके देणं, हे सगळं त्या पुराव्यासाठी असतं.

दरडींवर एवढं लिहिलं, पण विहीर खोदणाऱ्यांना खरी भीती वाटते ती उथळ वायूची. तळाखाली काही शे मीटरांवर वाळूच्या एखाद्या भिंगात वायू अडकलेला असतो. त्या खोलीला अजून ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे विहिरीचं तोंड बंद करणारी झडप, बसवलेला नसतो, कारण त्याला धरून ठेवेल एवढा भक्कम खडकच तिथे नसतो. विहीर बंद करता येत नाही, वायू फक्त वळवता येतो. १९८५ साली नॉर्वेच्या हाल्टेनबँकेनवर वेस्ट व्हॅनगार्ड या रिगवर असाच वायू आला. त्याच्याबरोबर आलेल्या वाळूने वळवण्याची नळी खरवडून भोकं पाडली, स्फोट झाला आणि एक जण गेला. १९९० मध्ये ब्रिटनच्या उत्तर समुद्रातल्या २२/४बी विहिरीतून असाच उद्रेक झाला. सुमारे शंभर मीटर पाण्याखाली तिथे पडलेल्या विवरातून पुढे दशकानुदशकं बुडबुडे येत राहिले.

सिस्मिकमध्ये हा वायू चमकदार डाग म्हणून दिसतो. नवख्यांची इथे नेहमीची समजूत असते की डाग जितका चमकदार तितका वायू जास्त. तसं नसतं. छिद्रांत दोन-चार टक्के वायू असला तरी ध्वनीचा वेग कोसळतो, आणि भरपूर असला तरी जवळपास तेवढाच. चमक वायू आहे एवढं सुचवते, किती ते सांगत नाही. उलट शिंपल्यांचा कडक थर किंवा कोळशाचा पापुद्राही तसाच चमकतो. मी चार गोष्टी एकत्र पाहतो: लहरीची दिशा उलटली आहे का, डाग थराच्या उंचवट्यावर बसलाय का, त्याखालचे थर खोटे खाली खचल्यासारखे दिसतात का, आणि एखादा भ्रंश खालून त्याच्यापर्यंत येतो का. तीन जुळले तर विहीर हलवा. दोनशे-तीनशे मीटर बाजूला सरकणं हा या धंद्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि शेवटच्या आठवड्यात सुचवला तर सर्वांत कडवा वादही होतो. जागा बदलताच येत नसेल तर आधी अरुंद पायलट विहीर खोदून चाचपतात.

जुनं सर्वेक्षण पुन्हा वापरताना इथे एक सापळा आहे. जवळ दहा वर्षांपूर्वी विहीर खोदली असेल आणि तिचं सिमेंट नीट बसलं नसेल, तर खालचा वायू तिच्या कडेने वर येऊन नवीन डाग तयार करतो. तेव्हा स्वच्छ दिसलेली जागा आता स्वच्छ असेलच असं नाही.

दाबाखालचं पाणी भरलेली वाळू हे वायूचंच सौम्य भावंड. मेक्सिकोच्या आखातातल्या उर्सा क्षेत्रात नव्वदच्या दशकात तळाखालच्या वाळूतून पाणी आणि वाळू विहिरींभोवती वाहत राहिली. खोदलेल्या विहिरी सोडून द्याव्या लागल्या. त्या खोऱ्यातले दाब मोजायला पुढे २००५ साली शास्त्रज्ञांनी मुद्दाम वेगळ्या विहिरी खोदल्या. सिस्मिकवर हे धोके वायूएवढे ठळक दिसत नाहीत. गाळ किती वेगाने साचला याचा इतिहास लावूनच अंदाज बांधावा लागतो.

वायू-हायड्रेटबद्दल, म्हणजे बर्फासारख्या घन रूपात पाण्याबरोबर अडकलेल्या वायूबद्दल, वर्तमानपत्रांत जेवढं येतं तेवढं मी घाबरत नाही. एक घनमीटर हायड्रेट वितळलं की साध्या दाबाला सुमारे १६४ घनमीटर वायू होतो हे खरं. पण विहीर खोदण्याच्या काही आठवड्यांत ते फारसं वितळत नाही. चिंता असते पुढच्या वीस वर्षांची, कारण गरम तेल वर येताना केसिंगभोवतीची, म्हणजे विहिरीच्या पोलादी नळीभोवतीची, माती हळूहळू तापत जाते. सिस्मिकमध्ये तळाला समांतर जाणारी हायड्रेटची ओळखीची रेषा दिसली नाही म्हणून हायड्रेट नाही असंही समजू नये. २००६ च्या मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात शंभर मीटरांहून जाड हायड्रेट सापडलं ते चिकणमातीच्या भेगांत भरलेलं होतं. वाळूचे थर शोधणाऱ्या ठोकळेबाज नजरेला ते सहज हुकलं असतं.

कास्पियनसारख्या ठिकाणी चिखलाचे ज्वालामुखी असतात. जुलै २०२१ मध्ये तिथे एका वायुक्षेत्राजवळ समुद्रात आगीचा लोळ उठला तेव्हा आधी सगळ्यांना प्लॅटफॉर्म पेटला असंच वाटलं. तो चिखलाचा ज्वालामुखी होता. अशा शेजाऱ्यापासून अंतर राखणं, यापलीकडे अभियांत्रिकी उपाय मला ठाऊक नाही.

पायाची माती हा 'धोका' मानायचा की साधा डिझाइनचा प्रश्न, यावर आमच्यात कायम भांडण असतं. मी धोक्यात धरतो, कारण तीही भूविज्ञानातूनच येते. १९८२ साली ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ रँकिन प्लॅटफॉर्मचे पाइल, म्हणजे पायाचे पोलादी खांब, ठोकायला घेतले. नेहमीच्या वाळूचं गणित केलेलं होतं, पण तिथली वाळू शिंपल्या-प्रवाळांच्या चुऱ्याची. कण चिरडले जात होते आणि पाइलला धरतच नव्हते. त्यातला एक पाइल आपल्याच वजनाने कितीतरी मीटर खाली सुटला. दुरुस्तीला वर्षं लागली. उथळ पाण्यातल्या, तळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या जॅक-अप रिगचा शत्रू वेगळा: वर कडक वाळू, खाली मऊ चिकणमाती. पाय वाळूवर टेकतो, भार वाढवत नेला की पापुद्रा फुटतो आणि एक पाय अचानक काही मीटर खाली जातो. याला पंच-थ्रू म्हणतात. आधीच्या रिगने पाडलेला खड्डा शेजारी असला तर नवा पाय त्यात घसरतो. त्यामुळे जुन्या रिगच्या जागांची नोंद मागा. ती कुणाकडेच नीट नसते, तरी मागा.

मार पोचण्याच्या मुद्द्यावर एक जुनी घटना अजून शिकवते. १८ नोव्हेंबर १९२९ ला न्यूफाउंडलंडजवळ ग्रँड बँक्सच्या कडेला ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळच्या तार-केबल लगेच तुटल्या. खालच्या अंगाच्या केबल मात्र एकामागून एक, क्रमाने तुटत गेल्या. शेवटची तुटली तेव्हा तेरा तासांहून जास्त वेळ उलटला होता. तेव्हा कुणालाच उलगडलं नाही. १९५२ मध्ये हीझन आणि युइंग यांनी त्या वेळांवरून दाखवलं की दरडीतून निघालेला गढूळ प्रवाह शेकडो किलोमीटर धावत होता. तुमची पाइपलाइन सपाट मैदानावर आहे, उतार दूर आहे, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. वर कुठली घळ तिच्याकडे उघडते ते पाहा. घळ ओलांडणं टळत नसेल तर दोन गोष्टी पाहायच्या. प्रवाहाशी काटकोनात टाकलेली नळी पूर्ण मार खाते, प्रवाहाच्या दिशेने टाकलेली बरीच वाचते. आणि घळीच्या तोंडापेक्षा खूप खाली, प्रवाह पसरून पातळ होतो तिथून ओलांडणं सोयीचं.

एक धोका नकाशावर कधीच लाल नसतो, कारण तो आपण आल्यावर जन्मतो. नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात चुनखडीच्या मऊ खडकातून तेल निघत गेलं, खडक दबला आणि वरचा तळच खाली जाऊ लागला. हे १९८४ मध्ये लक्षात आलं. १९८७ मध्ये चालू प्लॅटफॉर्म जॅकने सहा मीटर उचलावे लागले, नाहीतर लाटा डेकवर आल्या असत्या. उताराच्या माथ्यावर दगडाचा भराव ओतणं आणि पायथ्याशी खणणं हेही त्याच जातीचं. स्थैर्याचं गणित करताना 'आजचा तळ' एवढंच घेतलेलं असेल, तर आपण तिथे काय काय ओतणार आहोत हेही त्यात घालायला सांगा.

तुमच्या टेबलावर जो अहवाल असेल त्यात शिक्क्यांचं पान वगळून आधी सब-बॉटमची एकच रेषा काढा: तुमच्या विहिरीच्या जागेतून वरच्या कड्यापर्यंत जाणारी. अशी रेषाच नसेल तर अहवाल परत पाठवा. असेल तर कड्याच्या पायथ्याशी दरडीवर चादर किती आहे ते पट्टीने मोजा. मग त्या मोजमापाच्या जागी कोअर घेतलेला आहे का ते पाहा. बहुतेक वेळा कोअर सोयीच्या जागी, सपाटीवर घेतलेले असतात, कारण उतारावर जहाज धरून ठेवणं कटकटीचं. जहाज अजून क्षेत्रावर असेल तर आजच फोन करून तो एक कोअर, जोडीच्या बॉक्स कोअरसह, मागून घ्या. जहाज बंदरात परतल्यावर त्याच कोअरसाठी वर्षभर थांबावं लागतं.